माउसोनचा चढ

थोआ पुलाखाली पोचली तेव्हा सगळे आधीच जमले होते. तिला येताना पाहून बोलणं थांबलं. किएन कसलासा किस्सा सांगत होता, तो त्याने कसाबसा उरकला, पण हसलं कोणी नाही. सायकली अंगाला अंग लावून उभ्या होत्या आणि कोणी आपली सायकल वीतभरही सरकवली नाही. थोआने तिची सायकल पुलाच्या खांबाला टेकवली आणि शांतपणे हातमोजे चढवायला लागली.

या सहलीचं तिला कोणी कळवलं नव्हतं. ‘उत्तरवारा’ मंडळाच्या फोनवरच्या गटातून तिला महिन्यापूर्वी काढून टाकलं होतं. कोणी काढलं ते कोणी सांगेना. तिच्या पडद्यांच्या दुकानाशेजारी चहा विकणारी बाई सहज बोलून गेली की तुमची सायकलवाली मंडळी शनिवारी माउसोनला निघालीत ना, म्हणून कळलं. हनोईहून संध्याकाळी निघायचं, रात्रभर सायकल मारायची, आणि उजाडताना माउसोनच्या डोंगरावर पोचून गवतावर गोठलेलं बर्फ बघायचं. ही कल्पना मुळात थोआची. पाच हिवाळ्यांपूर्वी ती आणि विन्ह, दोघंच गेले होते. मग मंडळ झालं, मग नेम झाला. या वर्षी वसंतात त्यांचा घटस्फोट झाला. घर विन्हकडे राहिलं, कुत्रा विन्हकडे राहिला. मंडळही त्याच्याकडेच राहावं असं सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं होतं, कारण विन्ह गप्पिष्ट होता, बिअर पाजायचा आणि रुसून बसायचा. थोआ यातलं काहीच करत नसे. पण मंडळ सोडायला ती तयार नव्हती.

मंडळाचे म्होरके दोआन काका. आयुष्यभर रेल्वेत नोकरी केलेला माणूस, भांडण म्हटलं की कपाळाला हात लावणारा. ते तिच्याजवळ आले, आकाशाकडे बघत म्हणाले, “आलीस का. बरं. मग शेपूट तू सांभाळ.”

शेपूट म्हणजे सगळ्यात मागची सायकल. मागे लाल दिवा लावायचा, सगळ्यात हळू जो असेल त्याच्या मागे राहायचं आणि कोणाला रस्त्यात सोडायचं नाही. एरवी हा मान होता, पायात दम असलेल्यालाच मिळायचा. आज तो तिचं तोंड बघायला लागू नये म्हणून दिला होता. थोआला ते कळलं आणि आपल्याला कळलंय हे काकांना कळेल अशा बेताने तिने मान हलवली.

मग तिला न्हाय दिसली. विन्ह मोटार शिकवायच्या शाळेत शिकवायचा, न्हाय त्याच्याकडे गाडी शिकायला आलेली आणि पुढे त्याच्याच घरी राहिलेली. वय तिशीच्या आत, बारीक चणीची, गुलाबी जाकीट. ती ज्या निळ्या सायकलला धरून उभी होती ती थोआची होती. घर सोडताना सायकल तिथेच राहिली होती. सीट खाली केली होती, हँडलला नवी टेप गुंडाळली होती, पण पुढच्या दांडीवर थोआ एकदा ट्रकच्या फळीला घासली होती तो ओरखडा तसाच होता. थोआ त्या ओरखड्याकडे बघत राहिली. न्हायने तिची नजर पाहिली आणि हात नेमका त्याच जागेवर ठेवला.

निघाले. लाल नदी मागे पडली, उपनगरातले दिवे विरळ झाले, आणि उत्तरेचा वारा समोरून छातीवर यायला लागला. पुढे सात-आठ जणांचा घोळका, मग न्हाय, मग थोआ. थोडा वेळ गेला की विन्ह घोळक्यातून मागे यायचा, न्हायच्या बाजूने चालवत सूचना करायचा आणि पुन्हा पुढे पळायचा.

“नजर समोर. खांदे सैल सोड. किती वेळा सांगायचं?”

थोआने हा आवाज अकरा वर्षं ऐकला होता. स्वयंपाकघरात, बाजारात, तिच्या आईच्या अंत्ययात्रेत गाडी लावायच्या जागेवरून. आता तो दुसरीच्या कानात जात होता याचं तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचा रागही आला नाही.

न्हाय भलत्याच जड गियरवर सायकल रेटत होती. प्रत्येक पेडलला तिचं अख्खं अंग डावी-उजवीकडे हलत होतं. एक शब्द पुरला असता. त्या सायकलचा मधला गियर कुरकुरतो, बदलताना एक खटका जास्त द्यावा लागतो, हे थोआशिवाय जगात कोणाला माहीत नव्हतं. थोआ मागून बघत राहिली. हिचे गुडघे ची लांगच्या खिंडीपर्यंत टिकणार नाहीत, असा तिने मनाशी हिशेब केला.

बाकझांगला रस्त्याकडेच्या टपरीवर सगळे शेवयांचं सूप प्यायला थांबले. दोन टेबलं जोडली होती. थोआ शेवटी आली, आणि एकच स्टूल रिकामं होतं ते विन्हच्या समोरचं. ती वाडगा घेऊन उभ्यानेच जेवली. किएनने वाफेआडून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं की शेपूट आणि शेपटाच्या आधीचं बूड, दोघी मिळून लांगसोनला उद्या दुपारच्या जेवणाला पोचतील. या वेळी मात्र सगळे हसले. विन्हही हसला.

न्हायने फोन काढून बहिणीला काहीतरी लिहायला घेतलं तर विन्हने तो हातातून काढून घेतला. सारखी थांबून फोन बघतेस, म्हणून तर मागे पडतेस, असं म्हणाला, आणि फोन आपल्या पाणी न शिरणाऱ्या पिशवीत टाकला. न्हायने मान खाली घातली. मग उठून वाडगा ठेवताना ती थोआपाशी आली.

“ताई, माझ्यामुळे तुम्हाला हळू चालवावं लागतंय.”

“मला ताई म्हणू नकोस,” थोआ म्हणाली.

विन्हने तिकडून विचारलं, मग तिने काय म्हणायचं?

“काहीच म्हणायचं नाही.”

दोआन काकांनी घाईघाईने चला चला केलं.

ची लांगच्या आधी पाऊस सुरू झाला. पाऊस कसला, सुया होत्या. दोन्ही बाजूंना चुनखडीचे डोंगर काळे उभे, आणि मधल्या खिंडीतून वारा असा येत होता की सायकल उतारावरही पेडल मारल्याशिवाय चालेना. मालाचे ट्रक सीमेकडे जात होते, प्रत्येक ट्रक अंगावर चिखलाचा फवारा मारून जायचा. पुढच्यांचे दिवे आधी लांब गेले, मग वळणाआड गेले, मग दिसेनासे झाले. विन्ह आता मागे येत नव्हता. किएनने त्याला खिंडीत चढावर गाठलं होतं आणि विन्हला ते सहन होणं शक्य नव्हतं, एवढं थोआला न बघताही ठाऊक होतं.

ठरलं असं होतं की लांगसोन गावात शिरायचं नाही. गावाबाहेरच्या फाट्यावर उजवीकडे वळायचं, आणि मागच्यांना वाट दाखवायला फाट्यावर एकाने उभं राहायचं. त्या दोघी फाट्यावर आल्या तेव्हा तिथे कोणी नव्हतं. बंद दुकानं, गळणारे पत्रे, एक ओलं कुत्रं. न्हायचे दात वाजत होते. गुलाबी जाकीट पाण्याने काळपट झालं होतं.

थोआने दोआन काकांना फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला, तेच.

“विन्हचा नंबर आहे तुमच्याकडे?” न्हायने विचारलं. “मला पाठ नाही.”

“पुसून टाकला,” थोआ म्हणाली.

हे खरं होतं. फोनमधून तिने तो वसंतातच पुसला होता. डोक्यातून पुसता आला नव्हता. प्रत्येक आकडा जिभेवर होता. पण त्याच्या फोनवर आपलं नाव उमटावं, झोपेत असो की जागा, त्याने ते बघून ओठ वाकडे करावेत, आणि हे सगळं हिच्यासाठी, या बाईसाठी. तिने फोन खिशात टाकला.

“मग ते पुढे गेले असतील?”

“गेले असतील.”

खरं तर पुढे कोणीच गेलं नव्हतं. पाऊस वाढल्यावर मंडळींनी बेत बदलला होता. गावात एका खानावळीच्या वरच्या खोल्या घेतल्या, ओले कपडे वाळत टाकले, बदकाचं गरम मांस मागवलं. बर्फ सकाळी बघू असं ठरलं. दोआन काकांना वाटलं विन्ह मागे कळवेल. विन्हने न्हायच्या फोनवर दोन ओळी लिहून पाठवल्या. किएन फाट्यावर थोडा वेळ उभा राहिला होता, मग तोही गारठून आत आला. हे सगळं थोआला दुसऱ्या दिवशी कळलं.

डोंगराच्या पायथ्याशी एक पेट्रोल पंप होता. छपराखाली पिवळा दिवा, काचेच्या खोलीत पहारेकरी खुर्चीत झोपलेला, त्याच्या पायाशी निखाऱ्यांची शेगडी. थोआने ती शेगडी नीट पाहिली. इथे थांबलो, काच वाजवली, तर हा माणूस शिव्या घालेल आणि दार उघडेल. दोघींना सकाळपर्यंत ऊब मिळेल. न्हायही तिकडेच बघत होती.

“विन्ह वर असेल ना?” तिने विचारलं. “असेल तर मी येते.”

थोआला माहीत नव्हतं. चिखलात सायकलींचे ताजे माग नव्हते, हेही तिने पाहिलं होतं.

“असेल,” ती म्हणाली, आणि चढाला लागली.

माउसोनचा रस्ता पहिल्यापासूनच नागमोडी आणि उभा. वर वर जावं तसा पाऊस बारीक होत गेला आणि मग त्याचा आवाजच बदलला. टोपीवर वाळू पडल्यासारखा वाजायला लागला. झाडांच्या फांद्या दिव्यात काचेसारख्या चमकत होत्या. डांबरावरून टायर सटकत होते. न्हाय उतरून सायकल ढकलायला लागली, मग पडली, मग उठली. थोआ थोडं अंतर ठेवून मागे चालत होती. न्हाय आता मागे वळून म्हणेल की मला जमत नाही, मी तुमच्यापुढे हरले, आणि मग आपण काय उत्तर द्यायचं, हे थोआ मनात घोळवत होती. दोन-तीन उत्तरं तिने तयार केली होती. एकाहून एक तिखट होती.

न्हाय तसं काही म्हणाली नाही. एका वळणावर तिने सायकल आडवी टाकली, रस्त्याच्या कडेला दगडावर बसली आणि हातमोजे काढायला लागली.

“काय करतेस?”

“उकडतंय,” न्हाय म्हणाली. जीभ जड झाली होती, शब्द दारू प्यायल्यासारखे ओघळत होते. “थोडी झोपते. तुम्ही पुढे व्हा.”

तिचे दात वाजायचे थांबले होते. थोआने दिवा तिच्या तोंडावर मारला. ओठ निळे, आणि डोळे उघडे असून कुठेच बघत नव्हते. ती सगळी तिखट उत्तरं कुठल्या कुठे गेली. तिने न्हायच्या थोबाडीत मारली. न्हायने साधा गालाला हातही लावला नाही.

तिने फोन काढला, आणि आता विन्हचा नंबर बोटांनी आपोआप लावला. पण डोंगरावर नेटवर्कची एकही रेघ येत नव्हती.

वरच्या वळणापलीकडे डोंगरातल्या झाओ लोकांची चार-पाच घरं होती, ती तिला दरवर्षीच्या येण्यामुळे माहीत होती. सायकली तिथेच सोडल्या. न्हायला बगलेत हात घालून उठवलं आणि ओढत, ढकलत, मधूनच शिव्या देत वर नेलं. चाल, डावा पाय टाक, आता उजवा. आपल्या तोंडून विन्हचाच सूर निघतोय हे तिला ऐकू येत होतं, पण दुसरा कुठला सूर तिला सापडेना.

पहिल्या घराच्या कुत्र्यांनी आभाळ डोक्यावर घेतलं. दार उघडलं नाही. आतून बाईचा आवाज आला, कोण आहे. थोआने सांगितलं, सायकलवाल्या आहोत, हनोईच्या, एकीला थंडी बाधली आहे.

“सायकलवाले, मोटरसायकलवाले, बर्फ बघणारे,” आतली बाई म्हणाली. “परवाच येऊन गेले. रात्री दारू मागत दार ठोकत होते. परसात घाण करून गेले. जा पुढे. वर हॉटेलं आहेत.”

“मावशी, ही वर पोचणार नाही.”

“मग खाली जायचं होतं.”

“आमच्यात दारू पिणारं कोणी नाही. दोघीच बायका आहोत.”

“बायकांनी अशा रात्री घरात बसावं.”

थोआने न्हायला ओट्याच्या भिंतीला टेकवून बसवलं आणि स्वतः दाराला पाठ लावून उभी राहिली. कुत्री तिच्या पोटरीपर्यंत येऊन गुरगुरत होती. ती म्हणाली, “मी इथून हलणार नाही. सकाळी दार उघडाल तेव्हा ही तुमच्या ओट्यावर मेलेली असेल. मग पोलीस येतील, आणि त्यांच्या मागून आणखी शंभर सायकलवाले येतील.”

अडसर सरकला. दारात एक ठेंगणी, पन्नाशीची बाई, डोक्याला काळं फडकं गुंडाळलेलं, हातात कंदील. तिने थोआकडे बघितलंही नाही. खाली वाकून न्हायच्या मानेवर हात ठेवला, आणि मग जे बोलायला लागली ते पुढे तासभर थांबली नाही. या शहरी बायकांना देवाने अक्कल का दिली नाही, हे असलं जाकीट कोण घालतं, पाय धरा, असे नाही, इकडून धरा, विस्तवाजवळ नको, विस्तवाजवळ एकदम नेऊ नका म्हणते ना. बाईचं नाव मेई. तिने न्हायचे सगळे ओले कपडे उतरवले, कोरड्या फडक्याने अंग टिपलं, लाकडी पलंगावर तीन गोधड्या घातल्या आणि थोआकडे वळली.

“तुम्हीपण काढा कपडे.”

“मी ठीक आहे.”

“तुमच्यासाठी नाही सांगत. आत शिरा. तिला माणसाची ऊब पाहिजे. माझी कंबर धरलीय, मी काही तिच्याशेजारी आडवी होणार नाही.”

थोआ उभी राहिली. मेईने तिच्याकडे निरखून बघितलं, मग न्हायकडे.

“बहीण नाही का ही तुमची?”

“नाही.”

“कोण आहे मग?”

कपडे उतरवून थोआ गोधडीत शिरली आणि त्या बर्फासारख्या पाठीला छाती लावून आडवी झाली. नवऱ्याच्या घरातली बाई. तिच्या केसांना विन्हच्या घरातल्याच साबणाचा वास येत होता, तोच हिरवा साबण, जो थोआ आणून ठेवायची. थोआने तोंड बाजूला केलं आणि हात मात्र घट्ट ठेवला. मेई आल्याचं गोड पाणी करत, सरपण मोडत, बडबडत होती.

बऱ्याच वेळाने न्हाय थरथरायला लागली, आधी हलकी, मग पलंग हलेल इतकी. आता ठीक होईल, मेई म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपून गेली.

“कुठे आहोत?” न्हायने विचारलं.

थोआने सांगितलं.

“विन्ह?”

“नाही आला. वर कोणी गेलंच नसावं.”

न्हाय पाठ न वळवता म्हणाली, “तुम्हाला माहीत होतं.”

“माहीत नव्हतं. शंका होती.”

“तरी मला वर आणलंत.”

“आणलं.”

“का?”

थोआने खोटं बोलायचा विचार केला, पण उघड्या अंगाने एकाच गोधडीत पडून खोटं बोलणं तिला जमेना. “तू रडावंस म्हणून,” ती म्हणाली. “आणि विन्हचा नंबर मला पाठ आहे. फाट्यावरही होता.”

चुलीतलं लाकूड तडतडलं. न्हायचा श्वास वर-खाली होत होता. थोआला वाटलं आता ही हात झिडकारून उठेल. उठण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती.

“बाकझांगपर्यंत मी मुद्दाम हळू चालवली,” न्हाय म्हणाली. “तुम्हाला माझ्या मागे मागे यावं लागावं म्हणून. तुमचे मित्र पुढे जावेत आणि तुम्ही माझ्या चाकाकडे बघत राहावं. नंतर मात्र खरंच हळू पडले. पाय संपले होते.”

“गियर चुकीचा होता.”

“तुम्हाला दिसत होतं?”

“पहिल्यापासून.”

“हरामखोर बाई आहात तुम्ही,” न्हाय म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता, पण तो थंडीने.

“हो,” थोआ म्हणाली. “झोप आता. हात पोटाशी घे.”

सकाळी ऊन पडलं होतं. अंगणातलं गवत, बांबूचं कुंपण, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, सगळ्यावर पांढरा काचेसारखा थर चढला होता. न्हाय पलंगावर बसून भाताची पेज पीत होती, मेईचा निळा जाडा कोट अंगात. थोआ खाली जाऊन दोन्ही सायकली आणून कुंपणाला टेकवत होती, तेवढ्यात वळणावरून मंडळी आली. चेहरे धुतलेले, झोप झालेली. निळी सायकल पाहून विन्हने आपली तिथेच टाकली.

“न्हाय कुठे आहे?”

थोआने दाराकडे मान केली. पण तो आत गेला नाही. आधी त्याला ओरडायचं होतं. थोआने जाणूनबुजून तिला वर ओढून नेलं, पहिल्यापासून हिच्या मनात हेच होतं, म्हणूनच बोलावलं नसताना आली, जीव गेला असता तर कोण जबाबदार, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. बाकीचे सायकली धरून उभे होते. दोआन काका हळूच म्हणाले की पोरी, शेपटाचं काम असतं माणूस सांभाळायचं, निदान पंपावर तरी थांबायचं होतंस.

थोआने एकही शब्द खोडला नाही. यातलं बरंचसं खरं होतं.

न्हाय दारात आली. चौकटीला धरून उभी राहिली. विन्ह पुढे झाला तर तिने हात पुढे केला, तळवा वर.

“माझा फोन.”

त्याने पिशवीतून काढून दिला. तिने तो बघितला, वाचला. तिच्या तोंडावर काहीच हललं नाही.

“हा निरोप मला पाठवलास.”

“मग. कळवलं होतं मी.”

“फोन तुझ्या पिशवीत होता.”

विन्ह म्हणाला की घाईत लक्षात आलं नाही, सगळे भिजले होते, गडबड होती.

“पिशवी कुठे ठेवली होतीस?”

“उशाशी.”

“वाजला असेल ना?”

विन्हने किएनकडे बघितलं. किएन बुटाच्या नाडीशी खेळत होता.

“वाजला,” विन्ह म्हणाला. “वाटलं, दुसऱ्या कोणाचा असेल.”

मेईने दारातून पेजेचं भांडं आणून पाणी कुंपणाबाहेर फेकलं, ते मुद्दाम विन्हच्या बुटांच्या फार जवळ पडलं. शेजारच्या घरात राहणारा तिचा मुलगा कोबीच्या टोपल्या मोटरसायकलला बांधून बाजाराला निघाला होता. न्हायने त्याला विचारलं, खाली नेशील का. विन्हने तिचा दंड धरला. ती थांबली, त्याच्या हाताकडे बघत राहिली, आणि शेवटी त्यानेच हात काढून घेतला. टोपल्यांच्या मधे अंग चोरून ती मागे बसली. थोआकडे बघून तिने मान हलवली नाही की तोंड फिरवलं नाही. गाडी वळणाआड गेली. पुढे टेटच्या, म्हणजे नववर्षाच्या सणाआधी ती विन्हकडे परत गेली असं थोआच्या कानावर आलं. काही दिवसांसाठी की कायमची, ते तिने विचारलं नाही.

दोआन काका जवळ आले. त्यांनी तिच्या दंडावर थोपटलं, झालं ते झालं, चल, वर जाऊन सगळ्यांनी मिळून फोटो काढू असं म्हणाले. गटात पुन्हा घेतो तुला, हेही म्हणाले, जणू मोठं बक्षीस देत होते.

“काका,” थोआ म्हणाली, “पंपावर शेगडी होती. मी बघितली होती. मी मुद्दाम थांबले नाही. हे मनात ठेवा. आणि तुम्हाला मी दोनदा फोन केला, तेही ठेवा.”

काकांचा हात दंडावरून खाली आला. ती सायकलवर बसली आणि एकटीच वरच्या बाजूला निघाली.

माथ्यावर जत्रा होती. लांगसोनहून गाड्या भरभरून लोक आले होते, फांद्यांवरचं बर्फ मोडून पिशव्यांत भरत होते, गाड्यांच्या टपांवर ठेवत होते, पोरांच्या मानेत टाकत होते. एक नवरी पांढऱ्या पोशाखात उघड्या खांद्यांनी फोटोसाठी उभी होती आणि तिची मैत्रीण कोट घेऊन बाजूला ओरडत होती. थोआने एका म्हातारीकडून भाजलेलं रताळं घेतलं. सोलायला गेली तर बोटं ऐकेनात. आधी तिला वाटलं गारठ्याने. पण हात गरम होते, रताळं गरम होतं, आणि बोटं तरी अशी हलत होती की साल फाटून गर खाली पडला. ती तिथेच बसली आणि तिने हात मांडीखाली दाबून धरले. रात्री दगडावर बसून हातमोजे काढणारी न्हाय तिला समोर दिसत होती. उकडतंय म्हणत होती. आणखी एक वळण आपण तसंच मागून चालत राहिलो असतो तर. म्हातारीने दुसरं रताळं सोलून तिच्या हातात दिलं, हळू खा म्हणाली, पोटात काही नाही वाटतं. थोआने ते कसंबसं खाल्लं. रडू आलं नाही. यावं अशी तिची इच्छा होती.

बऱ्याच वेळाने थरथर थांबली आणि ती उतरायला लागली. ऊन लागून रस्ता ओला झाला होता, सावलीत मात्र अजून बर्फ होतं, त्यामुळे ब्रेकवर बोटं ठेवूनच यावं लागत होतं. अर्ध्यावर मंडळी वर येताना भेटली. दोआन काका सगळ्यात पुढे, मग किएन, मग बाकीचे. विन्ह सगळ्यात मागे होता, एका हाताने स्वतःची सायकल चालवत आणि दुसऱ्या हाताने रिकामी निळी सायकल धरून, चढावर डुगडुगत. काकांनी तिला बघून हात वर केला.

थोआने हात ब्रेकवरून काढला नाही. वळण सावलीतलं होतं. ती त्यांच्या बाजूने खाली गेली.